अंबत्तूरची मुकी घंटी

२२ सप्टेंबर, घटस्थापना

ऋजुता म्हणाली, "आजी, दिवसभर माझ्याशी जे बोलतेस ते ह्यात लिही. माझ्या मीटिंगा असतात." शिकलेली माणसं तोंड मिट म्हणायचं झालं की असं म्हणतात. डायरी तिच्या ऑफिसची, गेल्या वर्षीची. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंत, तेवढी हिला पुरे.

ऋजुता माझ्या थोरल्याची मुलगी. थोरला आणि सूनबाई इचलकरंजीत दुकानाला बांधलेले, म्हणून नातीच्या पोटाकडं बघायला मला इथं चेन्नईत, वेलचेरीला धाडलं. आले तेव्हा फ्रिजमध्ये लिंबू आणि सॉसची बाटली होती. पोरगी घरी बसून नोकरी करते. डबा नाही, बस नाही, तरी संध्याकाळी रात्रपाळी करून आल्यासारखं तोंड.

घट बसवला. इथली माती चिकट आहे, पण धान्याला कुठलीही चालते.

२५ सप्टेंबर

आज विचारलंच, त्या पडद्यात काय बघत असतेस गं. तिनं खुर्ची ओढून शेजारी बसवलं.

"हे जाळं आहे. अंबत्तूरला औषधांचं गोदाम आहे ना, त्यांच्या सगळ्या यंत्रांचं."

"कुठं टांगलंय?"

"कुठंच नाही. व्हर्च्युअल आहे. यंत्रं खरी, पण त्यांना जोडणारे रस्ते संगणकातच आखलेले."

"म्हणजे आहे पण नाही. तुझे आजोबा घरात तसेच होते."

हसली. हसली की दिनानाथसारखी दिसते, माझ्या थोरल्यासारखी.

पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. एक चौकट फाटकाची, सगळी ये-जा तिथनं. एक भिंतीची, नको त्याला अडवते. एक वाटणी करणारी, कुठल्या यंत्रावर किती भार टाकायचा ते बघते. चौकटीवर बाण नेऊन दाबलं की तिची हकीकत उलगडते, किती गेलं, किती तुंबलं, किती वाटेत सांडलं. बरं असलं की हिरवं, दमलं की पिवळं, पडलं की लाल. लाल झालं की घंटी, लॅपटॉपवर आणि हिच्या फोनवर एकदमच. कुठल्या आकड्याला घंटी वाजवायची तेही हीच ठरवते.

म्हटलं, "मग आकडा उंच ठेव की. वाजायचीच नाही."

"मग माझा काय उपयोग, आजी?"

वरच्या कोपऱ्यात एक आकडा वेगळा लावलाय. गोदामात इन्सुलिनची थंड खोली आहे, तिथला गारवा. आज पाच होता. आता जातायेता मीही बघते. वेळ जात नाही दुसरं काय.

२८ सप्टेंबर

सिद्धार्थ जेवायला आला होता. ऋजुताच्या ऑफिसातला, तिच्या वरचा, साताऱ्याकडचा. वेस्ट मांबलमला खोली घेऊन राहतो आणि मेसमध्ये सांबार खातो. भाकरी बघून त्याला बोलायचं सुचेना. तीन खाल्ल्या. निघताना ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. डोळे सरळ आहेत पोराचे. सूत मी बोटांनी ओळखते आणि माणूस डोळ्यांवरनं. उभी हयात मागाच्या शेडमध्ये कांड्या भरल्यात, दोन्ही ओळखायची सवय झाली.

ऋजुताची नोकरी अजून कंत्राटी. दिवाळीपर्यंत पक्की व्हायची, त्यासाठी सिद्धार्थनं वर शिफारस लिहायची असते. तो गेल्यावर म्हटलं, बरा आहे मुलगा.

"आजी, तो माझा लीड आहे."

"लीड असू दे. लग्न झालेलं नाही ना?"

हेडफोन कानाला लावला तिनं. त्यात गाणं नव्हतं, मला दिसत होतं.

३० सप्टेंबर

सकाळपासून वाद. मी म्हटलं, उद्या खंडेनवमी, लॅपटॉप पूजेला ठेवायचा आणि दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. आमच्याकडं माग थांबायचे. धोट्याला हळदकुंकू लागलं की मालकसुद्धा शिवत नसे, आणि तो मालक कसला होता ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"माग थांबला तर कापड थांबतं, आजी. हे थांबलं तर गोदाम थांबेल. आणि ड्यूटी माझी आहे."

शेवटी मी माझी शपथ घातली. मग तिनं सिद्धार्थला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "आजींचं ऐक गं. तू नुसतं बघ. काही झालं तर मी माझ्याकडून करतो." तर ठरलं असं, लॅपटॉप चौरंगावर, उघडा आणि चालू. बघायचं, शिवायचं नाही.

अंबत्तूरचे लोकही पूजेला फाटकाचं यंत्र बंद करतात, दरवर्षीचं आहे. उगाच घंटी वाजत राहील म्हणून ऋजुतानं त्या एकट्या फाटकाची घंटी दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत मुकी केली. मला दाखवलं. "ही मुकी. बाकी सगळ्या चालू. थंड खोलीची तर कधीच मुकी करायची नाही." मी मान हलवली. रवा भाजायचा होता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

विळी, कात्री, माझी जुनी सुई आणि मधे तो लॅपटॉप, उघडा. झाकणाला गंध, कडेला शेवंती. रेघा हलत होत्या. देवापुढं काहीतरी हलतं असावं, समईची वात काय नि रेघ काय.

सिद्धार्थ पुरणपोळीला आला, हात हलवत. ऋजुता दुसऱ्या मजल्यावर कृष्णवेणीबाईंकडं गेलेली. त्या तंजावरच्या मराठी. त्यांच्याकडं बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्यात, गोलू म्हणतात, तिथं बायका गाणी म्हणतात आणि उकडलेले हरभरे देतात. फोन इथंच चार्जिंगला ठेवून गेली.

आणि घंटी सुरू झाली. लॅपटॉपची आणि फोनची, दोन्ही एका सुरात. ऐन नैवेद्याच्या वेळी. सिद्धार्थनं वाकून बघितलं. म्हणाला, "गोदामवाल्यांनी पूजेला जास्तच खटके पाडलेत, आजी. दुसरं काही नाही. गप्प करू का?"

मी ऋजुताला शपथ घातलेली. पण तो ऋजुता नव्हता आणि घंटी कान फोडत होती. म्हटलं, कर बाबा. त्यानं शेवंती बाजूला सारली, चारदा टकटक केलं. दोन्ही एकदम गप्प. फूल परत होतं तिथं ठेवलं, म्हणजे बघा संस्कार.

म्हटलं, "तिला सांगू नकोस हं. मला शिवू दिलं नाहीस आणि त्याला दिलंस म्हणून महिनाभर चिडवेल."

"आपल्यातच राहील, आजी," म्हणाला. पाच पोळ्या खाल्ल्या.

२ ऑक्टोबर, दसरा

लॅपटॉपची बॅटरी संपून पडदा काळा झाला. बरं झालं, पूजेतल्या वस्तूनं निजावंच. ऋजुता दोनदा चौरंगाशी येऊन उभी राहिली, मग फोन बघितला. "फोनवर काही नाही म्हणजे सगळं ठीक आहे," स्वतःशीच म्हणाली. आपट्याची पानं इथं मिळत नाहीत. कढीपत्ता दिला एकमेकींना.

३ ऑक्टोबर

सकाळी फुलं उचलून तिनं लॅपटॉप लावला. मी चहा घेऊन गेले. कोपऱ्यातला आकडा एकोणीस होता.

चहा तसाच राहिला. मग फोन, फोन, फोन. तमिळमध्ये, इंग्रजीत. एकदा मराठीत, सिद्धार्थशी.

खटके परत चढवताना गोदामवाल्यांकडून थंड खोलीचं यंत्र चढलंच नाही. खोली तापत राहिली. घंटी वाजायला हवी होती, वाजली नाही. गाडीभर इन्सुलिन फेकायचं आहे.

ऋजुता म्हणाली, "मी एकट्या फाटकाची मुकी केली होती. इथं सगळं अंबत्तूर मुकं आहे. मुदतसुद्धा नाही घातलेली. आणि नाव माझं आहे."

म्हटलं, "मला दाखवलं होतंस की. एकट्या फाटकाची."

"तुला काय कळतं त्यातलं, आजी."

खरंच काय कळतं. मान हलवली होती मी, रव्याच्या नादात.

४ ऑक्टोबर

जेवली नाही.

७ ऑक्टोबर

काल कोजागिरी. दूध आटवलं, दोघींचं मी एकटीनं प्यायलं.

पोरगी गॅसचं बटण बंद करते, खोलीत जाते, परत येऊन बघते. दाराची कडी लावते, ओढून बघते, पुन्हा ओढते. आज मला विचारलं, "आजी, मी मघाशी तुझ्या गोळ्या दिल्या ना?" दिल्या होत्या. माझ्या समोर, तिच्या हातानं. म्हटलं हो. तरी पाकीट उघडून मोजल्या.

सिद्धार्थचा रोज फोन येतो. माया आहे त्याला. त्यानं वरची नोंद उघडून बघितली म्हणे. कोणी कधी काय बदललं ते त्यात दिसतं, आणि ती त्याला नि त्याच्या वरच्यांनाच उघडता येते. "मागून काही बदललेलं नाही, ऋजुता. तू बनवतानाच सगळं निवडलं गेलंय. घाईत होतं असं. तू मान्य करून टाक, मी सांभाळून घेतो."

ती हो म्हणाली. फोन ठेवला आणि हात बघत बसली, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

१० ऑक्टोबर

माझ्या डोक्यातनं ती घंटी जाईना. खंडेनवमीची. भाजी चिरताना वाजते, आंघोळ करताना वाजते. ऋजुताला सांगावं तर आधीच तिचं डोकं ठिकाणावर नाही. शिवाय मी ठणकावून शपथ घालणारी, आणि मीच दुसऱ्याला हात लावू दिला. म्हणून ती आंघोळीला गेली तेव्हा तिच्या फोनवरून सिद्धार्थलाच लावला. त्याच्या नावापुढं फोटो आहे, त्यामुळं जमलं.

"बाबा, त्या दिवशी तू गप्प केलीस ती घंटी, ती हीच का रे?"

मागं रस्त्याचा आवाज होता.

"नाही हो आजी. ती वेगळी. मी फक्त आवाज बारीक केला, टीव्हीचा करतो तसा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि ऋजुताला हे सांगू नका, उगाच गोंधळेल बिचारी."

जीव भांड्यात पडला. टीव्हीचा आवाज, एवढंच ते.

पण मग टीव्हीचा आवाज बारीक केला तर फोनचा का बारीक झाला? असेल काहीतरी. मला काय कळतं त्यातलं.

१२ ऑक्टोबर

परवा मोठी मीटिंग. सगळ्यांत वरचे साहेब पडद्यावर येणार, ऋजुता चूक कबूल करणार, गोदामवाल्यांना ते लिहून जाणार. मग कंत्राट संपेल तिथं संपेल. मी म्हटलं, दुसरी नोकरी बघ, चेन्नईत काय वाण आहे.

"घंटी मुकी करून इन्सुलिन सडवणारीला कोण पडद्यापुढं बसवेल, आजी? आणि मीच बसणार नाही. मला आता दिसतं तेच खरं वाटत नाही."

रडली असती तर ओरडले असते. रडली नाही. त्यामुळं काय करावं ते सुचेना.

खाली कृष्णवेणीबाईंकडं जाऊन बसले. त्यांचं मराठी माझ्या आजेसासूच्याही आधीचं, मधे मधे तमिळ. विचारलं, आक्का, तोंड कां असं. सांगितलं. साहेबाचं नाव विचारलं. म्हटलं, रघुराम राव, घर कुंभकोणमला.

"राव? कुंभकोणमचे? मग ते अमचेच होत की. आफिसांत इंग्रजी बोलतील, घरांत आईशी मराठीच बोलत असतील. तुमी बोला तेंच्याशी, काय भ्या?"

भ्या नाही. मी मालकाशी भांडून कांडीला पैसा वाढवून घेतलेली बाई. पण बोलायचं काय? पोरगी खोटं बोलत नाही, हे प्रत्येकाची आजी सांगते. पुरावा पाहिजे. तो तर माझ्याकडं आहे. मी शपथ घातली होती आणि पोरगीनं ती पाळली. साक्षीला सिद्धार्थ आहेच.

१४ ऑक्टोबर

सिद्धार्थ मुद्दाम घरी आला, ऋजुताला आधार म्हणून. तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसला. काय बोलायचं ते त्यानंच तिला कागदावर लिहून आणलेलं. मी चिवडा केला होता.

पडद्यावर साहेब आले. पिकलेले केस, कपाळाला गंधाची बारीक रेघ. ऋजुता इंग्रजीत बोलायला लागली, आवाज विहिरीतनं आल्यासारखा. मी चिवड्याची बशी घेऊन गेले आणि दोघांच्या मधे उभी राहिले.

"रावसाहेब, नमस्कार. मी हिची आजी, इचलकरंजीची."

"आजी, प्लीज," ऋजुता म्हणाली. सिद्धार्थ म्हणाला, "सर, सॉरी सर." साहेबांनी हात वर केला.

"बोला की. ऐकतों मी," म्हणाले. कृष्णवेणीबाईंसारखंच, थोडं गंजलेलं.

मग मी सांगितलं. पोरगीला मी शपथ घातली होती. पूजेला लॅपटॉप ठेवल्यावर दसरा होईतोवर तिनं बोट लावलं नाही. आदल्या दिवशी एकट्या फाटकाची घंटी मुकी केली, ती मला दाखवून केली. "विश्वास नसेल तर ह्या सिद्धार्थला विचारा. गुणाचा मुलगा आहे. ऐन नैवेद्याच्या वेळी घंटी वाजली, पोरगी खाली गोलूला गेलेली. ह्यानंच तिच्या लॅपटॉपवर बारीक केली. आमची पूजा मोडू दिली नाही. म्हणजे बघा, घंटी वाजली तरी हिनं हात लावला नाही."

चिवड्यातला शेंगदाणा खाली पडला तो मला ऐकू आला.

साहेब म्हणाले, "आजी, हळू सांगा. कोणें केली बारीक?"

"हा सिद्धार्थ. इथंच बसलाय."

"कुठल्या दिवशीं?"

"खंडेनवमीला. तुमच्या आयुधपूजेला. दुपारी."

साहेब खाली बघून काहीतरी टाइप करत राहिले. सिद्धार्थ इंग्रजीत बोलायला लागला, फार भरभर. साहेबांनी मान वर न करता पुन्हा हात वर केला. मग वाचल्यासारखं म्हणाले, ते इंग्रजीत होतं, पण तारीख मला कळली. एक ऑक्टोबर.

ऋजुतानं मान वळवून सिद्धार्थकडं बघितलं. बराच वेळ. तो चिवड्याकडं बघत होता.

"फार शब्द झाले," साहेब त्याला मराठीत म्हणाले. "उद्यां आफिसांत या." मग माझ्याकडं वळून, "आजी, बरें झालें."

पडदा गेल्यावर सिद्धार्थ उठला. चिवड्याला हात लावला नाही. बशीही उचलली नाही. ऋजुतानं टेबलावर डोकं टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर हसत होती. मग हसत नव्हती.

मग म्हणाली, "मला भूक लागलीय." अख्खी बशी संपवली.

१५ ऑक्टोबर

ऋजुतानं सगळं समजावून सांगितलं, नोंद कुठं, बदल कुठं, मुदत का नव्हती. मी म्हटलं, एवढं कशाला, मला कळलंय. मी पहिल्यापासून म्हणत होते, त्या मुलाच्या डोळ्यांत काहीतरी नीट नाही. ताट उचलून मोरीत ठेवणारा पुरुष, तेव्हाच ओळखायला हवं होतं तुला.

ती माझ्याकडं बघत राहिली. "बरं, आजी," म्हणाली.

१७ ऑक्टोबर

सोसायटीत गाड्यांची पळापळ. पावसाचं पाणी भरेल म्हणून सगळे आपापल्या गाड्या पुलावर नेऊन लावतायत. आपल्याकडं गाडी नाही, सुटलो.

साहेबांचा निरोप आला. सिद्धार्थला ह्या कामावरनं काढलं. ऋजुताला नोकरी राहिली, पण पक्की व्हायची ती पोंगलनंतर. लॅपटॉप उघडा टाकून उठली म्हणून तिला लेखी ताकीद आहे.

मी म्हटलं, "तो उघडा ठेवायचा करार मी केला होता. त्यांना सांग, ताकीद माझ्या नावानं काढा."

"तू कंपनीत नाहीस, आजी."

"तेच त्यांचं नशीब."

रात्रीचं दूध मी तिला दिलं. ग्लासही मीच विसळला. आज गॅसचं बटण तिनं एकदाच बघितलं. मी मात्र उठून परत बघितलं, बंद होतं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

मी काही म्हटलं नव्हतं. चौरंगावर केरसुणी, दागिन्यांची डबी, तिच्या पगाराच्या बँकेचं पुस्तक, एवढंच मांडलं. ऋजुता आपणहून लॅपटॉप घेऊन आली. मिटलेला.

"कुलूप लावलंयस?" विचारलं.

"लावलंय."

"मग ठेव. कडेला."

कृष्णवेणीबाई वर आल्या होत्या. दिवे लावले, आरती म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला फोन वाजला. घंटीच. मला आता ओळखता येते. ऋजुतानं फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. हात जोडलेलेच. कृष्णवेणीबाई गात राहिल्या, त्यांना वाटलं कुणाचा तरी फोन.

मी टाळ्या थांबवल्या.

"बसलीस काय," म्हटलं, "जा. लक्ष्मी थांबेल."

तिनं चौरंगावरनं लॅपटॉप उचलला. कुंकवाचा करंडा कलंडला, कुंकू तिच्या बाहीला लागलं. आतल्या खोलीत जाऊन कुलूप काढलं, टकटक, टकटक. आम्ही दोघी म्हाताऱ्या हात जोडून गप्प उभ्या. वातीचं तेल कमी होतं, मी पळीभर घातलं.

मग आतनं आवाज आला, "भिंतीची चौकट होती, आजी. पडली होती, उठवली. आकडा पाच आहे."

"बरं," म्हटलं. "ये आता. आणि हात धू आधी, फराळाला बसायचंय."